घरामागच्या शेडमध्ये किट विमान बांधायचं आहे – जाणकारांनो, बोला

शेडकर:
नमस्कार मंडळी. घरामागे शेड आहे, दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी. तिथे किट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुटे भाग, मागवून दोन आसनी विमान बांधायचं डोक्यात घेतलं आहे. उडवण्याचा परवाना आहे, लहान विमानं भाड्याने घेऊन उडवतो. हत्यारांची सवय आहे, पण विमानाच्या पत्र्याला आजवर हात लावलेला नाही.

वाचन भरपूर झालं आणि त्याने गोंधळ वाढलाच. म्हणून थेट विचारतो. धातूचं घ्यावं, लाकूड-कापडाचं की फायबरचं? अख्खं किट एकदम मागवावं की तुकड्यातुकड्याने? ते ‘एक्कावन्न टक्के’ म्हणतात, ते नेमकं काय मोजतात? दोन हजार तास लागतात असं जो तो लिहितो, ते खरं आहे का? आणि शेवटचं: मला इंधनाच्या टाक्या थोड्या मोठ्या हव्या आहेत, कॉकपिटमधली मांडणीही माझ्या सोयीची हवी आहे. असे बदल आपल्या मनाने केले तर चालतात का?

काठावरचा:
वाचतोय. खुर्ची टाकून बसलो आहे.

रिव्हेटराव:
शेडकर, आधी एक सांगा, तुम्हाला उडायचं आहे की बांधायचं आहे? फक्त उडायचं असेल तर कोणाचं तरी बांधून झालेलं, उडत असलेलं विमान घ्या. ते स्वस्त पडतं आणि पुढच्याच महिन्यात हवेत असता. बांधायचं असेल तरच किट घ्या. बांधता बांधता उडायची सवय मोडते, आणि विमान तयार होतं तेव्हा ते उडवायला मालकच कच्चा निघतो. म्हणून शेडमध्ये कितीही काम असलं तरी भाड्याच्या विमानाचे तास चालू ठेवा.

तासांचं विचारलंत. व्हॅन्स या किट बनवणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-७ जातीच्या विमानाला दीड ते दोन हजार तास धरून चालतात. त्याच कंपनीचं आरव्ही-१२ बरंच सोपं, त्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. ‘क्विक बिल्ड’ किट घेतलं तर पंख आणि धड अर्धवट जोडून येतात, वेळ बराच वाचतो, पैसे जास्त जातात. पण हे आकडे हात बसलेल्या माणसाचे. मॅन्युअल वाचणं, हरवलेला वॉशर शोधणं, ‘उद्या नीट उजेडात बघू’ म्हणून हात थांबवणं, हे कोणी त्यात धरत नाही. आठवड्याला दहा तास नेमाने मिळाले तर साडेतीन-चार वर्षं धरा. नेमाने मिळत नसतील तर हिशेबच करू नका, उगाच वाईट वाटतं.

घरच्यांशी आधी बोला. ही औपचारिकता नव्हे. साध्या ठोकायच्या रिव्हेटला, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याला, दोन माणसं लागतात, एक ठोकायची बंदूक धरणारा आणि एक मागून लोखंडाचा ठोकळा दाबून धरणारा. हा दुसरा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो.

लाकडी_पंख:
धातूचं धातूचं सगळे करतात म्हणून दोन शब्द लाकडाचे. बर्नार्ड पीटनपोल यांचं ‘एअर कॅम्पर’ १९२९ चं, फोर्डच्या मॉडेल ए मोटारीच्या इंजिनावर उडालेलं. त्याचे नकाशे आजही मिळतात आणि लोक आजही बांधतात. आवाज नाही, सुतारकामाची हत्यारं पुरतात, रात्री अकरा वाजता काम केलं तरी शेजारी तक्रार करत नाहीत. सिटका स्प्रूसची सरळ रेषांची फळी रंध्याखाली घेण्यात जी मजा आहे ती पत्र्यात नाही. हे माझं मत, भांडायला येऊ नका.

मात्र इथे शिस्त वेगळी लागते. प्रत्येक वेळी गोंद कालवला की त्याच गोंदाने दोन तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे आणि सुकल्यावर मोडून बघायचे. लाकूड फाटलं आणि सांधा टिकला तर गोंद चांगला. सांधा सुटला तर त्या दिवशी त्या गोंदाने जे जे जोडलं ते सगळं संशयित.

कापडाचं काम लोकांना अवघड वाटतं, तसं नाही. पॉलिएस्टर कापड चिकटवायचं आणि इस्त्रीने ताणायचं. पण इस्त्रीचं तापमान थर्मामीटरने मोजून घ्यायचं, इस्त्रीवरच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही. शेवटचा ताण साधारण १७५ अंश सेल्सिअसला येतो. त्यापुढे गेलं की कापड उलट ढिलं पडतं आणि पुन्हा ताणता येत नाही.

इपॉक्सीवाली:
आणि फायबरचं कोणीच बोलणार नाही का? बर्ट रुटान यांचं ‘व्हॅरिइझी’ १९७५ ला उडालं, ‘लाँग-ईझी’ १९७९ ला. साचा लागत नाही ही त्यातली खरी गंमत. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचं कापड इपॉक्सीने बसवायचं. झाला पंख. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की पत्र्याच्या विमानाने हेवा करावा.

आता वाईट बाजूही मीच सांगते. इपॉक्सीची ॲलर्जी होते. पहिल्या दिवशी होत नाही, म्हणून माणूस हातमोजे टाळतो. मग महिन्यांनी एक दिवस मनगटावर पुरळ उठतं आणि त्यानंतर डबा उघडला तरी त्रास होतो. ती परत जात नाही. अर्ध्या वाटेवर विमान विकणाऱ्यांमध्ये असे लोक आहेत. पहिल्या थेंबापासून हातमोजे घाला. दुसरं, दमट आणि थंड हवेत इपॉक्सी नीट बसत नाही, वर मेणचट थर येतो. तो धुऊन न काढता पुढचा थर चढवला तर थर सुटे राहतात आणि बाहेरून काही कळत नाही. शेडमध्ये तापमान सांभाळता येत नसेल तर हा प्रकार घेऊ नका. तिसरं म्हणजे घासणं. घासणं, घासणं आणि परत घासणं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लोक पळून जातील.

शेडकर:
शेडमध्ये तापमान सांभाळणं अवघड आहे. मग धातूच दिसतंय. पण रिव्हेट मारणं जमेल का ही धास्ती आहे. हजारो रिव्हेट म्हणतात.

रिव्हेटराव:
हजारोच. पण घाबरण्यासारखं काय आहे ते आधी नीट समजून घ्या, कारण लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात.

किटं दोन तऱ्हेची. झेनिथ किंवा सोनेक्ससारख्या विमानांत बहुतेक जागी ‘ओढायचे’ रिव्हेट असतात. एका बाजूने घालायचे, हत्याराने दांडी ओढायची, दांडी तुटते, काम झालं. एकटा माणूस करू शकतो. आरव्ही-१२ सुद्धा बरंचसं तसंच. बाकीच्या आरव्हींमध्ये ठोकायचे रिव्हेट. ते जास्त गुळगुळीत, पण हात बसावा लागतो.

ठोकायच्या रिव्हेटला माप आहे, अंदाज नाही. मागच्या बाजूला जे डोकं तयार होतं त्याचा व्यास दांडीच्या दीडपट हवा आणि उंची दांडीच्या व्यासाच्या निम्मी. मापायला पत्र्याची छोटी पट्टी मिळते, ती खिशातच ठेवायची. सुरुवातीला प्रत्येक रिव्हेट मापा. पुढे डोळा तयार होतो, तरी अधूनमधून मापत राहा.

खरा वेळ रिव्हेटमध्ये जातच नाही. आजकालच्या किटांत भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. पत्रे क्लेकोने, म्हणजे त्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या खिळ्यांनी, जोडून बघायचे. तीन-बत्तीसांश इंची भोकाला चंदेरी क्लेको, अष्टमांश इंचीला तांबूस. मग सगळं परत सोडवायचं. प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बर, म्हणजे उभा राहिलेला धारदार काठ, काढायची. प्रत्येक कड कानसेने आणि मग बारीक घासणीने गुळगुळीत करायची, बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. मग डायने भोकाभोवती खळगी दाबायची, म्हणजे चपट्या डोक्याचा रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसतो. मग धुवायचं, प्राइमर (गंज रोखणारा रंगाचा थर), परत जोडायचं. एवढं झाल्यावर रिव्हेट. त्या दिवशी शेजाऱ्यांना विमान बांधतोय हे कळतं, एरवी माणूस महिनोन्महिने नुसता कडा घासत बसलेला असतो.

कडा घासणं कंटाळवाणं आहे म्हणून टाळू नका. चीर सुरू होते ती अशाच खरबरीत कडेतून किंवा भोकाच्या काठावरून.

आणि पत्र्यावर शिसपेन्सिलने खूण करायची नाही! ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि ओल मिळाली की त्या रेषेवरच पत्रा खायला सुरुवात होते. मार्कर पेन वापरा.

काठावरचा:
एक बाळबोध शंका. रिव्हेट वाकडा बसला तर?

रिव्हेटराव:
बाळबोध नाही, हाच तर प्रश्न आहे. वाकडा रिव्हेट काढायचा म्हणजे डोक्याच्या बरोबर मधोमध ड्रिल धरायचं, डोक्याच्या जाडीएवढंच खोल जायचं, डोकं उडवायचं आणि दांडी हळूच ठोकून बाहेर काढायची. ड्रिल जरा सरकलं की भोक मोठं किंवा लंबगोल. मग मोठ्या दांडीचा रिव्हेट. बांधणाऱ्यांच्या बोलीत त्याला ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात, दांडी मोठी पण डोकं लहानच, म्हणजे आधीच्या खळगीत बसतं.

म्हणून किंचित कमी-जास्त बसलेला रिव्हेट काढू नये असं जाणते सांगतात. काढताना होणारं नुकसान मूळ दोषापेक्षा मोठं ठरतं. तडा गेलेला, डोकं पत्र्यापासून उचललेलं, मागचं डोकं एका बाजूला घसरलेलं, असे मात्र काढायचेच. मधल्यांचं काय करायचं हे मॅन्युअलमधल्या मर्यादा बघून ठरवा. आणि रात्री दमलेले असताना ठरवू नका. सकाळी तोच रिव्हेट वेगळा दिसतो.

गंज_नको:
रिव्हेटराव, प्राइमर कोणता वापरता? मी दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर, आतून-बाहेरून, सगळीकडे.

रिव्हेटराव:
झालं. आता हा धागा गेला.

जुना_पायलट:
प्राइमरवरून मैत्री तुटलेली बघितली आहे. कृपया नको.

गंज_नको:
चिडवा कितीही. पण शेडकर, थोडक्यात सांगतो. विमानाचा २०२४-टी३ पत्रा म्हणजे ताकदीसाठी तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम, तो गंजाला कच्चा. म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यालाच अल्क्लॅड म्हणतात. तो थर शाबूत असेल आणि विमान कोरड्या हँगरात राहणार असेल तर आत काहीही न लावता दशकं गेलेली विमानं आहेत. खाऱ्या हवेत ठेवणार असाल तर लावाच. जिथे दोन पत्रे एकमेकांना चिकटून बसतात आणि जिथे घासताना तो थर गेला, तिथे तर विमान कुठेही ठेवणार असलात तरी लावा. अख्ख्या विमानाला लावला तर वजन किलोंमध्ये वाढतं आणि कामाचे तास भरपूर वाढतात, हेही खरं आहे.

शेडकर:
धन्यवाद, समजलं. जागेचं काय? शेडला सहा मीटर खोली आणि साडेपाच मीटर रुंदी मिळेल.

रिव्हेटराव:
पुरेल. आरव्ही-७ चा पंखविस्तार २५ फूट, पण दोन्ही पंख वेगळे बांधले जातात आणि भिंतीला उभे करून ठेवता येतात. पंख आणि धड जोडायचं ते विमानतळावर. दार मोजा! तळघरात विमान बांधून भिंत फोडावी लागल्याच्या गोष्टी विनोदी वाटतात, पण त्या खऱ्या आहेत. आडवं शेपूट बसवून धड दारातून जातं का, आणि दारापुढच्या वळणावर ट्रेलर फिरतो का, तेही बघा.

पैसा टेबलावर आणि उजेडावर घाला. टेबल सपाट हवं, दोरी ताणून आणि लेव्हलने तपासलेलं, कारण त्यावर बांधलेला भाग टेबलाचा वाक घेतो. कॉम्प्रेसर शक्यतो भिंतीपलीकडे ठेवा. आणि कानाला लावायचं साधन स्वतःसाठी एक घेऊ नका, दोन घ्या. ठोकळा धरणाऱ्यालाही कान असतात.

तपासनीस:
एक्कावन्न टक्क्यांचं राहिलं. मी सुरुवातीलाच सांगतो, प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या नागरी विमान खात्याचं लेखी उत्तर घ्या. समजायला अमेरिकेचं उदाहरण सोपं आहे, कारण किटं बहुतेक त्याच नियमाला धरून बनतात.

तिथे एफएएचा, म्हणजे त्यांच्या नागरी विमान खात्याचा, नियम आहे की विमानाचा मोठा भाग हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बनवलेला हवा. त्यालाच सगळे एक्कावन्न टक्के म्हणतात. यात तास मोजत नाहीत, किंमत मोजत नाहीत, वजनही नाही. कामांची यादी असते: अमुक भाग तयार करणं, अमुक जोडणं. त्या यादीतली अर्ध्याहून जास्त कामं तुम्ही किंवा तुमच्यासारख्या हौशी लोकांनी केलेली हवीत. इंजिन, पंखा (प्रोपेलर), चाकं, ब्रेक, उपकरणं तुम्ही घरी ओतून बनवावीत अशी अपेक्षा नाही. पैसे देऊन कोणाकडून तरी मोठा भाग करून घेतला तर तो तुमच्या खात्यात धरत नाहीत. रंगकाम, गाद्या बाहेरून करून घ्यायला हरकत नसते.

म्हणून फोटो काढा. नुसता भागाचा फोटो नको, त्यात तुम्ही काम करताना दिसायला हवेत. वहीत तारीख, काय केलं, मॅन्युअलचं कुठलं पान. विमान तयार झाल्यावर वही लिहायला बसलेली माणसं मला लगेच ओळखू येतात. सगळ्या पानांची शाई एकाच पेनाची असते.

याचा फायदाही आहे. मुख्य बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं दुरुस्तीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि दरवर्षीची तपासणी तो स्वतः करून सही करू शकतो. विमान विकलं तर ते प्रमाणपत्र नव्या मालकाकडे जात नाही, त्याला सहसा परवानाधारक मेकॅनिक बघावा लागतो.

उडायला परवानगी मिळाली तरी आधी चाचणीचा टप्पा असतो. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, नसेल तर ४०, ठरवून दिलेल्या भागातच, हौसेखातर प्रवासी न घेता. अलीकडे तासांऐवजी ठरावीक चाचण्या पूर्ण करायचा पर्यायही दिला आहे. आणि प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. घरच्यांना पहिल्यांदा बसवाल तेव्हा ती पाटी ते वाचतातच.

ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा तपासनीस टप्प्याटप्प्याने येऊन काम बघतो आणि सही करतो, पंखाचा पत्रा बंद करण्याआधी आतलं काम दाखवावं लागतं. तुमच्याकडे सक्ती नसली तरी असं करा. अमेरिकेत ईएए ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये सुरू केली, तिच्या शाखांमध्ये असे अनुभवी सल्लागार फुकट येऊन बघतात. दुसऱ्या माणसाला जे दिसतं ते बांधणाऱ्याला दिसत नाही. बांधणाऱ्याला काय करायचं होतं ते दिसतं.

पक्कड_पाना:
+१. बोल्टांच्या बाबतीत तर शंभर वेळा +१. एएन३ म्हणजे तीन-षोडशांश इंची बोल्ट, त्याला २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे जेमतेम अडीच न्यूटन-मीटर. मोटारीवर हात बसलेला माणूस याच्या दुप्पट सहज ओढतो. शिवाय नायलॉनचं कडं असलेला नट फिरवायलाच जो जोर लागतो तो मोजून त्यात मिळवायचा असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ताणून झालं की लगेच नट-बोल्टवर रंगाची रेघ. रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही, तुमची आठवण काहीही म्हणो.

आणि जो सांधा फिरतो तिथे नायलॉनचा नट नाही, खाचांचा नट आणि कॉटर पिन.

शेडकर:
तपासनीस, मनापासून आभार. माझा शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांनी चुकवला आहे. बदल. टाक्या मोठ्या केल्या तर काय बिघडतं? पत्राच तर आहे, रिब म्हणजे पंखातली फासळी लांब करायची.

जुना_पायलट:
चुकवला नाही, कोण आधी ओरडतं याची वाट बघत होतो.

टाकी मोठी म्हणजे इंधन जास्त, म्हणजे उड्डाणाचं वजन जास्त. स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, त्या वजनासाठी काढलेला नाही. इंधन पंखात कुठे बसतं त्यावर पंखावरचा वाकवणारा जोर बदलतो, आणि टाकी कुठे लांबवली त्यावर गुरुत्वमध्य. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला तर विमान नाक वर घेऊ लागतं आणि ते खाली आणायला एलेव्हेटर (शेपटावरची नाक वर-खाली करणारी फळी) पुरेनासा होतो. ही हिशेबाची गोष्ट आहे आणि तो हिशेब विमान काढणाऱ्याने केलेला आहे, तुम्ही नाही.

घरी विमान बांधण्याच्या इतिहासात एक प्रकरण सगळ्यांनी वाचायला हवं. फ्रान्समध्ये आन्री मिन्ये यांनी १९३३ मध्ये ‘पू दु सिएल’ उडवलं, इंग्रजीत त्याला फ्लाइंग फ्ली म्हणतात. हत्यारं साधी, लाकूड आणि कापड, कोणीही बांधावं असा त्यांचा आग्रह. हजारो लोक कामाला लागले. मग एकामागून एक माणसं मेली. ठरावीक कोनात नाक खाली गेलं की पुढच्या आणि मागच्या पंखांमधल्या हवेचा परिणाम असा होई की कंट्रोलची काठी कितीही ओढली तरी विमान खाली सूर मारायचं थांबत नसे. वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर ते सिद्ध झालं आणि ब्रिटन-फ्रान्समध्ये त्यावर बंदी आली. हे मूळ नकाशातच होतं! शेडमध्ये बसून ते कोणाला दिसणार होतं?

दुसरं उदाहरण जवळचं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला लाँग-ईझी उडवताना कॅलिफोर्नियातल्या मोंटेरीच्या खाडीत पडून गेले. ते विमान त्यांनी बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. बांधणाऱ्याने इंधन कुठल्या टाकीतून घ्यायचं ते बदलायचा खटका नकाशातल्या जागी न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. एका हाताने काठी धरून मागे वळून तो फिरवणं म्हणजे कसरत. चौकशीत ती जागा अपघाताच्या कारणांमध्ये नोंदली गेली. बांधणाऱ्याला तो बदल बरोबरच वाटला असणार, त्याची त्याला सवयही झाली असणार. तो बदल दुसऱ्याच्या अंगावर आला.

शेडकर:
डेन्व्हरांचं माहीत होतं, खटक्याचं माहीत नव्हतं. पण मग हौशी विमानाला ‘प्रायोगिक’ म्हणायचं कशाला, जर काहीच बदलायचं नसेल तर? पत्रा दिला, भोकं दिली, मी नुसता मजूर?

इपॉक्सीवाली:
हा मुद्दा मला पटतो. रुटानांनी कोणाचं तरी ऐकून गप्प बसायचं ठरवलं असतं तर मागच्या आडव्या शेपटाऐवजी पुढे छोटा पंख लावलेलं विमान आज कोणी बांधत नसतं.

जुना_पायलट:
रुटान शिकलेले वैमानिकी अभियंते, अमेरिकी हवाई दलाच्या एडवर्ड्स तळावर उड्डाण चाचण्यांचं काम केलेले. त्यांनी बदल केले नाहीत, त्यांनी विमान काढलं. आणि मग स्वतः चाचणी करून नकाशे विकले. नंतर घरी बांधणाऱ्यांनी त्या नकाशांत फरक केले की तेच वैतागत असत.

रिव्हेटराव:
शेडकर, मजूर नाही हो. काय बदलता येतं ते सांगतो. उपकरणांचा पॅनेल पूर्ण तुमचा. दिवे, रेडिओ, गाद्या, हवेची भोकं, सामानाची जाळी, रंग. यात वर्ष जाईल आणि कोणी काही बोलणार नाही. वायरिंगमध्ये डोकं चालवायला हवं तेवढं मैदान आहे. स्विचांची मांडणी बदला, पण डोळे मिटून कागदी पॅनेलवर हात फिरवून बघा: इंधनपंप, मॅग्नेटो आणि मास्टर स्विच चुकून एकाच्या जागी दुसरा हाताला लागतो का.

इंधनाची नळी, खटका, टाकी, टाकीत हवा येण्याची वाट, स्पार, कंट्रोलचे दांडे आणि बिजागऱ्या, इथे हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर किट बनवणाऱ्याला लेखी विचारा. काही विमानांसाठी लांब पल्ल्याच्या टाक्या काढलेल्या आणि तपासलेल्या मिळतात, त्या घ्या. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा वेगळा अभ्यास केला. त्यात दोनच गोष्टी ठळक: इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं. आणि धोका सगळ्यात जास्त कधी, तर विमानाच्या पहिल्या काही उड्डाणांत आणि ते दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर त्याच्या पहिल्या काही उड्डाणांत. यातलं इंजिन बंद पडणं म्हणजे दरवेळी इंजिनाचा दोष नव्हे. इंधन पोचवणारी यंत्रणा आपण बांधलेली असते.

म्हणून इंधनाच्या प्रवाहाची चाचणी टाळू नका. विमान चढाईच्या कोनात नाक वर करून उभं करायचं, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवायची आणि बादलीत किती वेळात किती इंधन येतं ते मोजायचं. पंपावर चालणारी यंत्रणा असेल तर इंजिनाला पूर्ण जोरावर लागतं त्याच्या १२५ टक्के, नुसतं उतारावर येत असेल तर १५० टक्के. टाकीत जवळजवळ काही नसतानाही.

काठावरचा:
टाकी सील करताना तो काळा पदार्थ लागतो म्हणतात त्याचं काय? व्हिडिओत एक माणूस रडकुंडीला आलेला बघितला.

गंज_नको:
प्रोसील. पॉलिसल्फाइडचं दोन भागांचं सील. वास सडक्या अंड्याचा, रंग काळा, आणि ज्या वस्तूला हात लावाल तिथे तो तुमच्या आधी पोचलेला असतो. जुने कपडे, हातमोज्यांवर हातमोजे, आणि एका वेळी थोडंच कालवायचं. टाकी बंद करून फुंकून फुगा लावायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. फुगा उष्णतेने आणि हवेच्या दाबाने कमी-जास्त होतो, त्याने घाबरू नका, बुडबुडे शोधा. दाब जास्त देऊ नका, टाकी फुगून फाटते.

शेडकर:
बरं. मोठ्या टाक्यांचा नाद सोडला, कंपनीकडे विचारतो काही तयार मिळतं का. मग किट अख्खं घेऊ की भागाभागाने?

पक्कड_पाना:
शेपटाचं किट आधी. सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त, आणि त्यात जवळजवळ सगळी कामं एकदा करून होतात: घासणं, खळग्या, रिव्हेट, बिजागऱ्या, सुकाणूची मागची कड सरळ ठेवणं. ती कड सरळ आली की पुढचं जमेल. नाही आवडलं तर शेपूट विकता येतं, विकणारे आणि घेणारे दोन्ही भरपूर. अर्धवट शेपटं बाजारात नेहमीच असतात.

तपासनीस:
पैशाच्या बाजूनेही भागाभागाने बरं. व्हॅन्ससारख्या, १९७० च्या दशकापासून चालत आलेल्या आणि जिची ११,००० हून जास्त विमानं उडाली अशा कंपनीनेही डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला होता. लेझरने कापलेल्या भागांत खळगी दाबताना भोकांच्या काठाला चिरा जाण्याचा प्रश्न त्याआधी आलेला होता. कंपनी २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली, पण आगाऊ पैसे भरलेल्यांना वाढलेल्या दराने नवे करार करावे लागले. मोठी रक्कम आगाऊ अडकवताना हे ध्यानात असू द्या. आणि खोकं आलं की महिनाभराच्या आत यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजा, कमी निघालं तर तेव्हाच कळवावं लागतं.

शेडकर:
शेपूट मागवतो. आणखी एक, इंजिन आता स्वस्तात मिळतंय एकाकडे, लायकॉमिंग ओ-३६०. घेऊन ठेवू का?

जुना_पायलट:
नको. विमान तयार व्हायला चार वर्षं असतील तर इंजिन चार वर्षं उभं राहणार, आणि उभं राहिलेलं लायकॉमिंग कॅमशाफ्टला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याला, गंज पकडतं. कॅम वरच्या बाजूला असतो, तेल निथळून गेलं की तो कोरडा. जतन करायचं तेल भरून आणि ओल शोषणारे प्लग लावून ठेवता येतं, पण ते प्लग वेळोवेळी बदलायची आठवण कोण ठेवणार? वॉरंटी असेल तर तीही घड्याळ बघून चालते, तुमची शेड बघून नाही. शिवाय तोवर बाजारात काय येतं कोणास ठाऊक. जो भाग सगळ्यात शेवटी लागतो तो सगळ्यात शेवटी मागवा. स्क्रीनवाली उपकरणंही तशीच.

नवं किंवा नव्याने बांधलेलं इंजिन आल्यावर अजून एक. ते जमिनीवर तासन्‌तास चालवून ‘मोकळं’ करायचा मोह होतो. त्याने सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि रिंगा बसत नाहीत, मग आयुष्यभर तेल पितं. पहिलं उड्डाण जोरावरच करायचं असतं. म्हणजे बाकीचं सगळं त्याआधी तपासून झालेलं हवं: तीन काट्यांवर वजन, गुरुत्वमध्य, कंट्रोल योग्य बाजूला हलतात का, रंग दिल्यानंतर एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फळीचा) तोल परत बघितला का. रंगाने मागची कड जड होते आणि वेगात फडफड सुरू होण्याची भीती असते.

पक्कड_पाना:
एलेरॉन उलटे जोडलेले असणं हसण्यावारी नेऊ नका हं. काठी डावीकडे, तर डावा एलेरॉन वर. मोठ्याने म्हणून, दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून.

शेडकर:
इंजिनवाल्याला नाही म्हणून कळवलं. शेपटाची ऑर्डर या आठवड्यात देतो. तोवर टेबल. त्याची उंची किती ठेवू? मी सहा फुटी आहे.

रिव्हेटराव:
कोपर दुमडून हात आडवा धरा, त्याच्या चार-पाच बोटं खाली. दोन टेबलं करा, एकाच उंचीची, चाकं लावून पण कुलूपबंद होणारी. दोन्ही जोडली की पंख मावतो, वेगळी केली की मधून शिरता येतं.

इपॉक्सीवाली:
आणि ती सायकल-बियकल जे काही शेडमध्ये असेल ते आधी बाहेर काढा. एकदा शेपूट आलं की ‘तात्पुरतं इथे ठेवू’ म्हणून तिथेच राहतं सगळं.